वीस तारखेनंतरचं जेवण

ताई,

मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. घरापासून लांब, एका खोलीत आम्ही दोघं राहतो. खोलीत स्वयंपाकाला परवानगी नाही. शेगडी नाही, फ्रिज नाही, पाणी गरम करायची किटली तेवढी आहे. त्यामुळे दिवसाचं प्रत्येक खाणं बाहेर. घरून पैसे एक तारखेला येतात आणि वीस तारखेला संपतात. मग उरलेले दहा दिवस नूडल्सची पाकिटं गरम पाण्यात भिजवून काढतो. पैसे वाचावेत म्हणून सकाळचं खाणं बंद केलं, तरी फरक पडला नाही. उलट वर्षभरात वजन वाढलं, दुपारच्या तासाला डोळे मिटतात आणि रात्री छातीत जळजळ होते. मित्र दर शनिवारी बाहेर जेवायला जातात, नाही म्हणायला लाज वाटते. एक जण म्हणाला, प्रोटीन पावडर घे. ती घेऊ का? मुख्य प्रश्न हा, की बाहेर खाऊन स्वस्त आणि चांगलं दोन्ही जमतं का, की हा श्रीमंतांचाच शौक आहे? सोबत मागच्या आठवड्यात जे जे खाल्लं त्याची यादी जोडली आहे. लपवलेलं काही नाही.

— महिनाअखेर

प्रिय महिनाअखेर,

तुझं पत्र एकदा वाचलं आणि यादी तीनदा. पत्रात तू म्हणतोस की जेवणं परवडत नाहीत. यादी मात्र वेगळंच बोलते.

सात दिवसांत दुपारी तू नीट बसून पाच वेळा जेवलास. त्या पाच जेवणांची बेरीज आठवड्याच्या खर्चाच्या तिसऱ्या हिश्श्याइतकीही भरत नाही. सकाळच्या रकान्यात सातही दिवस नुसता ‘चहा’ आहे. मग साडेचारला काहीतरी तळलेलं, सहाला कॉफी आणि बिस्किटं, रात्री अकराला ॲपवरून मागवलेला बर्गर. त्याच्यासोबत एक शीतपेय, कारण ‘त्याशिवाय ऑर्डर जात नव्हती’. हे तुझेच शब्द, बुधवारच्या ओळीपुढे बारीक अक्षरात लिहिलेले. तुझे पैसे या फटीफटींतून गळतायत, आणि फटी पडतात सकाळी न खाल्ल्यामुळे.

दात कोरून पोट भरत नाही म्हणतात. तू तेच करत होतास. सकाळच्या खाण्यातून चार पैसे वाचवलेस आणि संध्याकाळी त्याच्या तिप्पट घालवलेस. याला तुझा कमकुवतपणा वगैरे म्हणायला मी तयार नाही. १९४४-४५ साली अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी ३६ धडधाकट तरुणांना त्यांच्या संमतीने काही महिने अर्धपोटी ठेवून अभ्यास केला होता. ती माणसं हळूहळू दिवसभर खाण्याचाच विचार करू लागली. पाककृतींची पुस्तकं वाचत बसायची, ताटं चाटूनपुसून साफ करायची. तुझी उपासमार तितकी नाही हे उघड आहे, पण रिकाम्या पोटी डोकं कोणत्या दिशेला धावतं ते यावरून कळावं. भुकेल्या माणसाच्या हातात मेनूकार्ड देणं म्हणजे त्याचं पाकीटच दुकानदाराच्या हातात देणं.

म्हणून तुझ्या प्रश्नाला माझं उत्तर असं: जमतं. पण काय खायचं ते भूक लागायच्या आधी ठरलेलं हवं. पुढे जे लिहिते आहे ते सगळं याच्याच आजूबाजूचं आहे.

सकाळपासून सुरू करू. दिवसाचं प्रत्येक खाणं बाहेर, असं तू लिहिलंस. त्यातलं एक आपण आत आणू. फ्रिज आणि शेगडी नसतानाही खोलीत टिकणारं पुष्कळ असतं: शेंगदाणे, फुटाणे, ओट्स, दुधाची पावडर, केळी, ब्रेड, खजूर. ओट्स तर तुझ्या किटलीतल्या पाण्यात पाच मिनिटांत होतात. त्यात दुधाची पावडर दोन चमचे घाल, केळं कुस्कर, वरून मूठभर शेंगदाणे टाक. मोड आलेली कडधान्यं हवी असतील तर रात्री वाटीत भिजव आणि सकाळी फडक्यात बांध. दुसऱ्या दिवशी मोड येतात. ती कच्ची खाऊ नकोस. मोड ज्या ओलसर उबेत येतात तीच ऊब जंतूंनाही आवडते, म्हणून उकळतं पाणी ओतून झाकून ठेवणं एवढंही पुरेसं नाही, ती नीट शिजवायला हवीत. तुझ्याकडे शेगडी नाही, तेव्हा हा उद्योग सोडूनच दे. (मी स्वतः तुझ्या वयाची असताना हौसेने केला होता. दोन दिवस तास बुडाले.) भाजलेले फुटाणे आणि शेंगदाणे जास्त शहाणे.

आठवड्याचं हे सामान एकदम आणलंस तर एका रात्रीच्या ॲपवरच्या ऑर्डरपेक्षा फार जास्त पडू नये. हिशोब करून बघ, माझ्यावर विश्वास ठेवू नकोस.

आता दुपार. बाहेर जेवताना समोर आलेलं ताट वाचता यायला हवं. हार्वर्डच्या आहारतज्ज्ञांनी २०११ साली एक सोपं चित्र काढलं: ताटाचा निम्मा भाग भाज्या आणि फळं, पाव भाग धान्य, शक्यतो पॉलिश न केलेलं, आणि पाव भाग प्रथिनं, म्हणजे डाळी, कडधान्यं, अंडी, मासे, चिकन वगैरे. स्वस्त ठिकाणचं ताट डोळ्यासमोर आण. तीन चतुर्थांश धान्य, उरलेल्यात बटाटा आणि रस्सा, कडेला काकडीच्या दोन चकत्या. मालक दुष्ट असतो असं नाही. धान्य आणि तेल स्वस्त आहे, भाजी निवडायला माणूस लागतो, ती नासते, आणि डाळ पातळ केली तरी कोणी भांडत नाही. पोट धान्याने भरायचं आणि चव तेल-मिठाने आणायची, हा त्याचा धंदा आहे. दुपारी तुझे डोळे मिटतात त्यातही या ताटाचा हात असावा. सकाळपासून कोरडं पोट, मग दोनला एकदम धान्याचा डोंगर, आणि तीनला तास.

यावरचा उपाय महाग नाही. जास्तीचं काही मागायचं झालं तर भात किंवा ब्रेड मागू नकोस, डाळीची किंवा कडधान्याची एक वाटी माग. नाहीतर एक उकडलेलं अंडं. जिथे धान्य हवं तितकं मिळतं आणि बाकीचं मोजून, तिथे स्वतःच थांबावं लागतं. फुकट मिळतंय म्हणून तिसऱ्यांदा वाढून घेतलेला भात तुझ्या खिशाला काही लागत नाही, पण पुढच्या तासाला लागतो.

आणि इथेच तुझ्या पावडरीचा प्रश्न निकालात काढते. निरोगी प्रौढ माणसाला दर किलो वजनामागे साधारण ०.८ ग्रॅम प्रथिनं रोज लागतात. तुझं वजन साठ किलो धरलं तर पन्नासेक ग्रॅम. एका अंड्यात सहा ग्रॅमच्या आसपास, शिजलेल्या घट्ट डाळीच्या किंवा कडधान्याच्या मोठ्या वाटीत बारा-तेरा, पेलाभर दुधात सहा-सात, मूठभर शेंगदाण्यांत सात. दोन अंडी, दोन वाट्या, एक पेला आणि एक मूठ धर. बेरीज पन्नासच्या आसपास जाते, आणि दिवसभराच्या धान्यातून येणारी प्रथिनं यात मोजलेलीही नाहीत. अंडी खात नसशील तर त्या जागी दही आणि आणखी एक वाटी. त्या पावडरीच्या डब्याच्या पैशात महिनाभराची अंडी येतील. मित्राला माझा नमस्कार सांग. प्राण्यांपासून येणारं काहीच खात नसशील, दूधसुद्धा नाही, तर मात्र बी-१२ जीवनसत्त्वाची गोळी लागते. ती डॉक्टरांना विचारून सुरू कर.

जेवायचं कुठे, यावर मी जरा जास्त वेळ घेणार आहे. स्वस्तातल्या खाण्याचा खरा धोका चरबीचा नसतो, शिळेपणाचा असतो.

विद्यार्थी असताना मी रात्री उशिरा एके ठिकाणी जेवायचे. जागा चांगली होती, माणसं चांगली होती. पण रात्री दहानंतरचा भात दुपारचा असायचा, नुसता परतून गरम केलेला. एकदा तो खाल्ल्यावर तीन तासांत जी उलट्यांना सुरुवात झाली ती पहाटेपर्यंत. मला वाटायचं, गरम केलं की सगळं मरतं. ते खरं नाही. भातात बॅसिलस सिरियस नावाच्या जंतूचे बीजाणू असू शकतात. शिजवतानाच्या उष्णतेतही ते तग धरतात, आणि शिजलेला भात तासन्‌तास कोमट राहिला की जागे होऊन विष तयार करतात. ते विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. जागतिक आरोग्य संघटनेचा सोपा नियम आहे: ५ ते ६० अंश सेल्सिअस हा जंतूंच्या वाढीचा पट्टा. शिजलेलं अन्न साध्या हवेत दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, आणि गरम वाढायचं ते वाढेपर्यंत ६० अंशांच्या वर ठेवावं.

तू काही थर्मामीटर घेऊन जेवायला जाणार नाहीस. पण डोळे आहेत. ज्या ठिकाणी गर्दी आहे तिथे अन्न पडून राहत नाही, म्हणून रांगेला कंटाळू नकोस. पदार्थ जितके कमी तितकं अन्न ताजं असण्याची शक्यता जास्त. सात-आठ पदार्थ करणारा माणूस ते रोज करतो, दीडशे पदार्थ लिहिणाऱ्याकडे त्यातले निम्मे कुठल्यातरी डब्यात पडलेले असतात. वाढलेल्या अन्नातून वाफ येते का बघ. तळणाचं तेल काळसर आणि धुरकट दिसलं तर तिथे तळलेलं घेऊ नकोस, बाकीचं घे. पैसे घेणारा हात आणि अन्न वाढणारा हात एकच आहे का, हेही बघ. कापून उघडी ठेवलेली फळं आणि कच्ची कोशिंबीर अनोळखी ठिकाणी टाळावी. आणि जेवायला वेळेच्या सुरुवातीला जा, शेवटाला नको. साडेबाराला जे ताट मिळतं तेच पावणेतीनला मिळत नाही. भाजी संपलेली असते आणि भांड्याच्या तळाला उरतं ते तेल.

अशी दोनच ठिकाणं शोध आणि तिथलाच हो. रोज नवी जागा धुंडाळण्यात मजा आहे खरी, पण ती मजा पैसेवाल्यांची. नेहमीच्या गिऱ्हाईकाला जे मिळतं ते मेनूकार्डावर नसतं. मी पुढे ज्या ठिकाणी दोन वर्षं जेवले तिथे वाढणाऱ्या मावशींना महिन्याभरात कळलं होतं की मला भात कमी आणि भाजी जास्त लागते. मी न सांगता ताट तसं यायचं. एकही पैसा जास्त पडला नाही. तू फक्त एकदा मोकळेपणाने सांग: भात अर्धा, भाजी थोडी जास्त चालेल का? फार झालं तर ‘नाही’ म्हणतील. महिन्याचे पैसे आगाऊ भरून जेवायची सोय असेल तर ती स्वस्त पडते, पण आधी आठवडाभर रोखीने जेवून बघ. सुट्टीत गावी गेलास तर त्या दिवसांचं काय, हेही आधीच विचार. पैसे भरल्यावर या प्रश्नाची उत्तरं बदलतात.

आता पिण्याविषयी. तुझ्या यादीत सात दिवसांत पाच शीतपेयं आहेत. ३३० मिलिलिटरच्या कोलाच्या एका डब्यात ३५ ग्रॅमच्या आसपास साखर असते, म्हणजे सुमारे आठ-नऊ चमचे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितलं की वरून घातलेल्या साखरेतून दिवसभराच्या ऊर्जेच्या दहा टक्क्यांपेक्षा कमी ऊर्जा यावी, आणि पाच टक्क्यांच्या खाली आली तर आणखी चांगलं. साधारण माणसाला हे अनुक्रमे पन्नास आणि पंचवीस ग्रॅम. एका डब्यात दुसरी मर्यादा तू ओलांडलीस, आणि अजून तुझे दिवसाचे चहा-कॉफी मोजायचे आहेत. पण मला साखरेपेक्षा दुसरी गोष्ट जास्त खुपते. कुठल्याही जेवणाच्या ठिकाणी पेय ही मालकाच्या सगळ्यात फायद्याची गोष्ट असते. त्याला काही शिजवावं लागत नाही, ते नासत नाही, नुसतं उघडून पुढे ठेवायचं. तू अन्नाच्या पैशाने पाणी आणि साखर विकत घेतोस. पाण्याची बाटली भरून बरोबर ठेव. पुढच्या महिन्यात या एका बदलाने पैसे संपायची तारीख किती दिवस पुढे जाते ते मला कळव, मला खरोखर उत्सुकता आहे.

मेनूकार्डाच्या चलाख्या थोड्या माहीत असाव्यात. तीन आकार ठेवलेले असतात: लहान, मध्यम, मोठा. मध्यमाची किंमत मोठ्याच्या अगदी जवळ नेऊन ठेवलेली असते. तो मध्यम विकायला ठेवलेलाच नसतो, मोठा स्वस्त वाटावा म्हणून ठेवलेला असतो. बाजारशास्त्राच्या अभ्यासकांनी १९८२ मध्येच दाखवलं होतं की एक मुद्दाम कमअस्सल पर्याय शेजारी ठेवला की लोकांची निवड सरकते. आणि मोठं घेतलं की मोठं खाल्लं जातं. बार्बरा रोल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये एकाच पदार्थाची वेगवेगळी मापं लोकांपुढे ठेवली. ५०० ग्रॅमऐवजी १००० ग्रॅम ठेवल्यावर माणसं सुमारे तीस टक्के जास्त खाऊन उठली. पोट भरल्याची खूण आपण पोटाकडून घेतो असं आपल्याला वाटतं, पण बऱ्याचदा ती ताट रिकामं झाल्यावरूनच घेतो.

यातून तुझ्यासारख्याने काढायचा फायदा वेगळा आहे. मोठा आकार दोघांत घ्या. तुझा रूममेट आहेच. एक मोठं आणि वर एक वाटी भाजी किंवा कडधान्य, हे दोन लहानांपेक्षा बहुतेक वेळा स्वस्त आणि बरं पडतं. ‘कॉम्बो’ दिसला की त्यातलं जे तू एरवी घेतलं नसतंस ते वजा करून किंमत बघ.

नूडल्सची पाकिटं वाईट आहेत हे तुला माहीत आहे, नाहीतर ती तू अपराध्यासारखी लिहिली नसतीस. रोजचं मीठ पाच ग्रॅमच्या आत असावं असं सांगतात, साधारण एक चमचा. अनेक पाकिटांत एकदम त्याच्या निम्म्याहून अधिक असतं. तरीही अडचणीच्या दिवशी ती खा, फक्त मसाला निम्मा टाक आणि त्यात एक अंडं किंवा मूठभर शेंगदाणे घाल. मला काळजी पाकिटाची कमी आणि सलग दहा दिवसांची जास्त आहे. कारखान्यात तयार होऊन पाकिटात येणाऱ्या खाण्याबद्दल एक प्रयोग सांगण्यासारखा आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल यांनी २० जणांना दोन आठवडे असं खाणं आणि दोन आठवडे साधं शिजवलेलं खाणं दिलं. दोन्ही वेळा समोर मांडलेल्या अन्नात ऊर्जा, साखर, चरबी, मीठ, तंतू सारखेच ठेवले होते. हवं तितकं खायची मुभा होती. पाकिटातल्या खाण्यावर माणसं दिवसाला सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होती, आणि दोन आठवड्यांत त्यांचं वजन एक किलोच्या जवळपास वाढलं. हे २०१९ मध्ये छापून आलं. खर्च कमी करूनही वजन का वाढलं या तुझ्या कोड्याचा निदान एक तुकडा इथे आहे.

ॲपवरून रात्री मागवणं आठवड्यातून एकदा, तेही दोघांत. पदार्थाची किंमत, पोहोचवण्याचं शुल्क, पॅकिंग, वरचे कर, आणि किमान रक्कम भरावी म्हणून घेतलेलं काहीतरी, एवढं सगळं मिळून खालची बेरीज होते. ती बेरीज वाचायची सवय लाव. सूट किती मिळाली ते वाचू नकोस. आणि पाचशे पावलांवर जे ठिकाण आहे तिथून चालत जाऊन आण, म्हणजे अन्न गरम मिळेल आणि थोडं चालणंही होईल.

जळजळीबद्दल: रात्री अकराला तेलकट खाऊन साडेअकराला आडवा झालास तर आणखी काय होणार? झोपायच्या दोन-तीन तास आधी जेवण संपव, कॉफी दुपारनंतर बंद कर. तीन आठवड्यांत फरक पडला नाही, किंवा गिळताना दुखायला लागलं, वजन आपोआप उतरायला लागलं, तर सरळ डॉक्टरकडे जा. दुकानातून गोळ्या घेऊन दिवस ढकलू नकोस.

आता शनिवार. तुझ्या पत्रातला सगळ्यात अवघड भाग हाच आहे, आणि गंमत म्हणजे तू त्याला एकच वाक्य दिलंस.

भीड भिकेची बहीण, हे तू घरी ऐकलं असशील. पण मैत्री सोडून खोलीत बसून राहा असं मी सांगणार नाही. वीस-एकवीस वर्षांच्या माणसाला जेवणाइतकीच सोबतही लागते. त्यामुळे जा. पण तीन गोष्टी आधी उरक. निघण्यापूर्वी खोलीत एक केळं आणि मूठभर शेंगदाणे खा, म्हणजे तिथे पोहोचल्यावर तूच तुझा मालक राहशील. जागा ठरत असते तेव्हा गप्प बसू नकोस, दोन नावं तू सुचव. बहुतेक वेळा कुणालाच ठाम काही हवं नसतं, जो पहिला बोलतो त्याचं चालतं. आणि ‘मी माझं वेगळं देतो’ हे वाक्य बिल आल्यावर म्हणू नकोस, मागवायच्या आधी म्हण. बिल आल्यावर ते हिशेबीपणाचं वाटतं, आधी म्हटलं तर नुसती माहिती असते. समान वाटणीच्या जेवणात नेहमी कमी खाणारा जास्त खाणाऱ्याचं बिल भरतो, आणि गटातला सगळ्यात अडचणीतला मुलगा बहुधा कमी मागवणारा असतो.

मला खात्री आहे की त्या टेबलावर आणखी निदान एक जण तुझ्यासारखाच मनात आकडे मोजत बसलेला असतो. तू बोललास की त्याला हायसं वाटेल. दर शनिवारच्या ऐवजी एक आड एक शनिवार असं कधी सुचवून बघ. कोण सगळ्यात आधी ‘चालेल’ म्हणतो ते नीट बघ.

पैशांची मांडणी साधी ठेव. एक तारखेला आलेल्या रकमेतून चार दिवसांचं जेवण बाजूला काढ, ते अडीअडचणीचं. उरलेल्याचे चार भाग, प्रत्येक आठवड्याला एक. वरचे दोन-तीन दिवस या चार दिवसांच्या राखीव पैशांतून निघतील. आठवड्याचा भाग संपला तर पुढच्या आठवड्यातून उचलायचा नाही, त्या दिवसांत खोलीतलं सामान आणि एकच बाहेरचं जेवण. महिन्याचा खड्डा वीस तारखेला दिसतो तेव्हा तो दहा दिवसांचा झालेला असतो. आठवड्याचा खड्डा दीड दिवसाचा असतो, तो भरून काढता येतो.

हे सगळं करूनही पैसे पुरलेच नाहीत तर चूक तुझ्या हिशेबात नाही, रक्कमच कमी आहे. मग घरी तसं सांग, यादी दाखवून सांग. घरच्यांनी पाठवलेला आकडा बहुतेक वेळा अंदाजाने ठरलेला असतो आणि तो कमी पडतो हे त्यांना कोणीच सांगितलेलं नसतं. घरूनही शक्य नसेल तर कॉलेजात विद्यार्थ्यांच्या अडचणी बघणारं कुणी आहे का, ते विचार. बऱ्याच शिक्षणसंस्थांत अशी सोय असते, आणि बऱ्याच विद्यार्थ्यांना ती पास झाल्यावर कळते. उपाशी राहून स्वाभिमान जपण्याचं वय तुझं नाही. कुणाचंच नसतं, पण तुझं तर मुळीच नाही, कारण तुला परीक्षा द्यायच्या आहेत.

एकदम सगळं बदलायला जाऊ नकोस, चौथ्या दिवशी सोडून देशील. पहिल्या आठवड्यात फक्त सकाळचं खाणं सुरू कर आणि शीतपेय बंद कर. दुसऱ्या आठवड्यात जेवायची वेळ साडेबारावर आण. शनिवारचं तिसऱ्या आठवड्यात बघू. यादी लिहिणं मात्र सोडू नकोस. आणि पुढच्या महिन्याची यादी मला वीस तारखेलाच पाठव, महिनाअखेरीस नको.

— ताई

ता. क. रविवारच्या ओळीत तू ‘आईसक्रीम (चूक)’ असं लिहिलं आहेस. ती चूक नव्हती. कंस खोडून टाक.